कल्याण ते पैठण : वाटेचे अंतर आणि वेळेचे गणित

॥ श्री ॥

ठाणे जिल्ह्याच्या पूर्व भागातील शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. पश्चिमेस कल्याणची खाडी व कोकणपट्टी, पूर्वेस सह्याद्रीचे उभे कडे आणि कड्यांच्या माथ्यावर पसरलेला देश, अशी येथील भूमीची रचना आहे. कोकणातून देशावर आणि देशावरून कोकणात जाणाऱ्या अनेक वाटा याच दोन तालुक्यांतून जातात. त्यामुळे येथील देवस्थानांच्या दर्शनास येणारे पुष्कळ भाविक पुढे नाशिक, त्र्यंबकेश्वर, शिर्डी किंवा पैठण या क्षेत्रांकडे मार्गस्थ होतात.

अशा भाविकांकडून एक प्रश्न नेहमी विचारला जातो, तो म्हणजे पुढचे क्षेत्र येथून किती दूर आहे? या प्रश्नाचे उत्तर किलोमीटरमध्ये दिले जाते आणि पुष्कळ वेळा त्याच उत्तराने यात्रेकरूची फसगत होते. सायंकाळच्या आरतीस पोहोचू अशा विश्वासाने निघालेले कुटुंब, वृद्ध मातापित्यांसह आणि लहान मुलांसह, रात्रीच्या अंधारात घाटात अडकून पडते. अंतर सांगणाऱ्याने खोटे सांगितलेले नसते. मात्र अंतर आणि वेळ या दोन भिन्न गोष्टी आहेत आणि दोहोंच्या मध्ये सह्याद्री उभा आहे, हे विचारात घेतलेले नसते. प्रस्तुत लेखात कल्याण आणि पैठण या दोन प्राचीन नगरांच्या उदाहरणावरून हा विषय समजावून दिला आहे.

अंतर मोजण्याची जुनी रीत

आपले पूर्वज अंतर कोसात आणि योजनांत मोजत. कोस साधारणपणे दोन मैलांचा, म्हणजे सुमारे तीन किलोमीटरचा मानला जाई. हे माप प्रदेशानुसार कमी-अधिक होत असे. परंतु प्रवासाला निघणाऱ्या माणसाच्या दृष्टीने खरे माप होते ते 'मजल'. सामानसुमानासह एका दिवसात जेवढी वाट चालून होईल आणि जेथे पाणी व निवारा मिळेल तेथपर्यंतचा टप्पा म्हणजे एक मजल. 'मजल दरमजल करीत' हा वाक्प्रचार याच रीतीतून मराठीत रूढ झाला.

मजल या मापाचा एक मोठा गुण होता. त्यात वाटेचा चढउतार, ऋतू, ओझे आणि चालणाऱ्याची शक्ती या सर्व गोष्टी आपोआप हिशेबात धरल्या जात. सपाट मुलखात मजल लांब पडे आणि घाटात आखूड. अमुक गाव चार मजलांवर आहे असे म्हटले की ऐकणाऱ्याला अंतराबरोबर वेळेचीही कल्पना येई. किलोमीटरच्या मापात हा गुण नाही.

ही रीत आजही पूर्णपणे लोपलेली नाही. श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पंढरपूरपर्यंतची सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट मुक्काम-विसाव्यांसह जवळजवळ तीन आठवड्यांत चालते. वारकऱ्यांच्या तोंडी किलोमीटरचा हिशेब क्वचितच येतो. आजचा मुक्काम कोठे आणि उद्याचा कोठे, हीच त्यांची मोजणी असते.

वीस दिवस आणि दहा दिवस

दोन दूरच्या नगरांमधील प्रवासास किती दिवस लागतात, याची महाराष्ट्राविषयीची फार जुनी नोंद एका ग्रीक ग्रंथात आढळते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीक लेखकाने अरबी समुद्रावरील बंदरांची माहिती देणारा 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' हा ग्रंथ लिहिला. त्यात पैठण हे नगर भडोचपासून दक्षिणेस सुमारे वीस दिवसांच्या वाटेवर असून तेथून पूर्वेस सुमारे दहा दिवसांच्या वाटेवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, हे दुसरे मोठे नगर आहे असे म्हटले आहे. पैठणहून अकीक आणि तेरहून कापड गाड्यांवर लादून, जेथे धड रस्ते नाहीत अशा विस्तीर्ण मुलखातून भडोचला आणले जाई, अशीही माहिती त्यात मिळते.

ही नोंद आजच्या नकाशाशी ताडून पाहता येते. भडोच ते पैठण हे सरळ रेषेतील अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. प्रत्यक्ष वाट वळणावळणाची असल्याने ती चारशे किलोमीटरच्या आसपास भरली असावी. ती वीस दिवसांत चालायची म्हणजे दिवसाला सरासरी वीस किलोमीटर, अर्थात सहा-सात कोस, ही चाल झाली. मालाने भरलेली गाडी ओढणाऱ्या बैलाची ही स्वाभाविक चाल होय. त्या परदेशी लेखकाने दिलेली संख्या दोन हजार वर्षांनंतरही हिशेबास उतरते, याचे कारण त्याने अंतराऐवजी दिवस मोजले.

आता हेच गणित कल्याणास लावून पाहावे. कल्याण आणि पैठण ही दोन्ही नगरे जवळजवळ एकाच अक्षांशावर, १९ अंशांच्या किंचित उत्तरेस आहेत. त्यांच्यातील सरळ अंतर सुमारे दोनशे चाळीस किलोमीटर आहे. वर काढलेल्या चालीने ही वाट साधारण दोन आठवड्यांची होते. भडोचपेक्षा कल्याण बंदर पैठणला कितीतरी जवळ होते. मात्र या वाटेवर सह्याद्रीचा कडा होता आणि तो चढण्याची सोय मुरबाड तालुक्याच्या सीमेवर होती.

नाणेघाट

मुरबाड तालुक्यातील वैशाखरे गावाच्या परिसरातून नाणेघाटाची वाट चढू लागते आणि जुन्नर तालुक्यातील घाटघरच्या पठारावर निघते. सातवाहन काळात कल्याण व सोपारा या बंदरांतून जुन्नर आणि पुढे पैठणकडे जाणारा हा प्रमुख व्यापारी मार्ग होता. माथ्याजवळ खडक फोडून केलेली अरुंद खिंड, पाण्याची खोदीव टाकी आणि एक मोठा दगडी रांजण आजही पाहावयास मिळतो. या रांजणात जकातीची नाणी टाकली जात, अशी परंपरागत समजूत आहे.

खिंडीजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा प्रसिद्ध शिलालेख आहे. ब्राह्मी लिपीतील व प्राकृत भाषेतील हा लेख सर्वसाधारणपणे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातील मानला जातो. त्याच्या आरंभी धर्म, इंद्र, संकर्षण, वासुदेव, चंद्र, सूर्य आणि चार लोकपाल यांना वंदन केलेले आहे. पुढे अश्वमेधादी यज्ञांचा आणि त्या प्रसंगी दिलेल्या गाई, हत्ती, घोडे व कार्षापण नाणी यांच्या दक्षिणेचा तपशील अंकांसह कोरलेला आहे. भारतीय अंकलेखनाच्या प्राचीन पुराव्यांमध्ये या लेखाची गणना होते. राजवंशाने आपली देवभक्ती आणि दानधर्म राजधानीत न कोरता डोंगरातील एका खिंडीत कोरला, यावरून त्या वाटेवर किती वर्दळ असेल याची कल्पना करता येते.

नाणेघाटाच्या पायथ्यापासून माथ्यापर्यंतची पाऊलवाट पाच-सहा किलोमीटरची आहे. सपाटीवर एवढे अंतर तासा-सव्वा तासात चालून होते. येथे मात्र चढण्यास अडीच ते तीन तास लागतात. मग ओझ्याच्या बैलांना किती वेळ लागत असेल! मीठ आणि कोकणचा माल वर नेणारे व देशावरचे धान्य खाली आणणारे तांडे पुढे कित्येक शतके सह्याद्रीच्या घाटांतून असेच चालत राहिले. मुरबाड तालुक्यातील म्हसे येथे श्री खांबलिंगेश्वराची यात्रा पौष पौर्णिमेस भरते. ती गुराढोरांच्या बाजारासाठीही प्रसिद्ध आहे. बैलाच्या चालीने मोजल्या जाणाऱ्या त्या जुन्या काळाची आठवण ही यात्रा आजही करून देते.

जवळची वाट दूर होते तेव्हा

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. कल्याण पैठणच्या इतके जवळ असताना व्यापारी भडोचपर्यंत वीस दिवसांची वाट का चालत? याचे उत्तर त्याच ग्रीक ग्रंथात आहे. कल्याण हे पूर्वी रीतसर व्यापारी बंदर होते. पुढे सत्ता पालटली आणि तेथील व्यापारास मोठा अडथळा निर्माण झाला. कल्याणास लागलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जाण्याची शक्यता असे. त्या काळी पश्चिम किनाऱ्यावर क्षत्रप आणि सातवाहन यांच्यात संघर्ष चालू होता.

म्हणजे वाट तीच, घाट तोच, कोसही तेवढेच. परंतु वाट खुली नसल्याने दोन आठवड्यांच्या प्रवासाऐवजी वीस दिवसांचा फेरा पत्करावा लागला. जवळची वाट बंद असेल तर तिचे अंतर कमी असून उपयोग नाही. हा धडा आजच्या यात्रेकरूसही तितकाच लागू आहे, हे पुढे दिसून येईल.

लोहमार्ग आणि थळघाट

दिवसांचे तास होण्यास आरंभ झाला तो रेल्वेमुळे. दिनांक १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली. २१ मैलांची, म्हणजे सुमारे ३४ किलोमीटरची ही वाट तिने ५७ मिनिटांत पार केली. पायी चालणाऱ्याची दीड मजल एका तासात संपली. १८५४ मध्ये रेल्वे कल्याणास पोहोचली, १८५५ मध्ये वासिंदला आणि १८६० मध्ये शहापूरजवळील आसनगावला आली. १८६१ च्या आरंभी ती कसाऱ्याला पोहोचली.

कसाऱ्यानंतर मात्र गती खुंटली. कसारा ते इगतपुरी हे अंतर सुमारे १६ किलोमीटरच आहे, तरीही या थळघाटातून गाडी जाण्यास १८६५ उजाडावे लागले. बोगदे खोदून आणि खोल दऱ्यांवर पूल उभारून हा मार्ग सिद्ध झाला. त्याचा चढ ३७ फुटांस एक फूट असा तीव्र आहे. त्यामुळे इगतपुरीकडे चढणाऱ्या गाड्यांना कसाऱ्यास मागून जादा इंजिने जोडण्याची पद्धत पडली. खिडकीतून धबधबे पाहण्यात रमलेल्या प्रवाशास गाडी मंद का झाली याचा विचार सुचत नाही. बैलाप्रमाणे इंजिनालाही सह्याद्रीपुढे आपली चाल बदलावी लागते.

मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून आसनगाव ८६ किलोमीटर आणि कसारा १२१ किलोमीटर आहे. उपनगरी गाडीने कसाऱ्यास पोहोचण्यास सुमारे अडीच तास लागतात. मुरबाडमधून मात्र रेल्वे जात नाही. तेथे जाणाऱ्या भाविकांना कल्याणहून रस्त्यानेच सुमारे ३० किलोमीटर प्रवास करावा लागतो.

आजच्या दोन वाटा

कल्याणहून पैठणला जाण्यास आज मुख्यतः दोन मार्ग विचारात घेता येतात.

पहिला मार्ग मुरबाड, टोकावडे, माळशेज घाट, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) आणि शेवगाव असा आहे. नाणेघाटाच्या जुन्या वाटेचा हा आजचा वारस होय. हे अंतर सुमारे तीनशे किलोमीटर असून विश्रांतीसह सात ते आठ तास लागतात. हा मार्ग निसर्गरम्य आहे. परंतु पावसाळ्यात माळशेज घाटात दाट धुके उतरते, दरडी कोसळतात आणि अनेकदा वाहतूक थांबवावी लागते. अशा वेळी तीनशे किलोमीटर या संख्येस काहीही अर्थ उरत नाही.

दुसरा मार्ग हिंदुहृदयसम्राट बाळासाहेब ठाकरे महाराष्ट्र समृद्धी महामार्गाचा आहे. नागपूर ते भिवंडी तालुक्यातील आमणे असा ७०१ किलोमीटरचा हा महामार्ग शहापूर तालुक्यातून जातो. त्याचा नागपूर ते शिर्डी हा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाला. कसारा घाटाच्या परिसरात तो सुमारे पावणेआठ किलोमीटर लांबीच्या बोगद्यातून जातो. या मार्गाने छत्रपती संभाजीनगरपर्यंत जाऊन तेथून दक्षिणेस सुमारे पन्नास किलोमीटरवरील पैठण गाठता येते. अंतराच्या दृष्टीने हा फेरा अधिक आहे. तथापि घाट आणि गावे टाळली जात असल्याने वेळेच्या हिशेबात तो मागे पडत नाही. लांबची वाट लवकर पोहोचवते, हे येथे प्रत्यक्ष अनुभवास येते.

हा वाचलेला वेळ फुकट मिळालेला नाही, याचे स्मरण प्रत्येक प्रवाशाने ठेवावे. १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटेपूर्वी शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे या महामार्गाच्या पुलाचे काम चालू असताना अजस्र यंत्रसामग्री कोसळून २० जणांचा मृत्यू झाला. दूरदूरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले ते श्रमिक होते. दीडशे वर्षांपूर्वी घाटात लोहमार्ग बांधतानाही असंख्य मजुरांनी प्राण गमावले. यात्रेस निघालेल्या भाविकाने या वाटेने जाताना त्या अनामिक जीवांसाठी क्षणभर हात जोडावेत. त्यांच्या श्रमांवरूनच आपली वाट जाते.

सूर्योदयाचा फरक

अंतराचा आणखी एक परिणाम यात्रेकरूच्या लक्षात सहसा येत नाही. पैठण हे कल्याणच्या पूर्वेस सुमारे सव्वादोन अंश रेखांशावर आहे. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात. म्हणून घड्याळ एकच असले तरी पैठणला सूर्य कल्याणपेक्षा सुमारे नऊ मिनिटे आधी उगवतो आणि तितकाच आधी मावळतो. सूर्योदयसमयी गोदास्नान किंवा अर्घ्यदान करावयाचे असल्यास मुंबईच्या पंचांगातील वेळ जशीच्या तशी धरू नये. बैलाला दोन आठवडे लागणारी ही वाट सूर्य नऊ मिनिटांत चालतो!

यात्रेकरूंनी लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

१. अंतर विचारताना 'किती किलोमीटर' यासोबत 'या ऋतूत, या वेळी, किती तास' असेही विचारावे.

२. घाटाचा टप्पा सूर्यप्रकाशात पार होईल अशा बेताने प्रस्थान ठेवावे. आषाढ-श्रावणात निघण्यापूर्वी घाट खुला असल्याची खात्री करून घ्यावी.

३. प्रवासाचा हिशेब कुटुंबातील सर्वांत अशक्त व्यक्तीच्या चालीने करावा. वृद्ध, गर्भवती आणि बालके यांच्यासाठी दर दोन तासांनी विसावा धरावा.

४. नाणेघाट चढू इच्छिणाऱ्यांनी पहाटे निघावे, पुरेसे पाणी जवळ बाळगावे आणि मुसळधार पावसात चढाई टाळावी. शिलालेखास हात लावू नये व त्यावर काहीही लिहू नये.

५. ठरलेल्या वेळेस दर्शन झाले नाही म्हणून वाहन वेगाने हाकू नये. देव उद्याही गाभाऱ्यात आहे. घरी वाट पाहणाऱ्यांना आपला माणूस सुखरूप हवा असतो.

वाटेवरचे दान

जुन्या काळी दूरच्या दोन नगरांमधील अंतर कमी करण्याचे सामर्थ्य राजाजवळही नव्हते. परंतु वाट सुसह्य करण्याचे सामर्थ्य सामान्य माणसाजवळही होते आणि त्याने ते वापरले. जुन्नरच्या लेण्यांतील एका प्राचीन शिलालेखात कल्याणच्या एका सोनाराने पाण्याचे टाके, त्या काळच्या शब्दांत 'पोढी', दान दिल्याची नोंद आहे. घाट चढून, तहानेने व्याकूळ होऊन येणाऱ्या वाटसरूला पाणी मिळावे, ही त्यामागील भावना सहज समजण्याजोगी आहे. त्या सोनाराचे दुकान आज नाही, त्याचा वंश कोठे आहे हे कोणास ठाऊक नाही, पण त्याचे दान दगडात राहिले.

त्या दानाची गरज आजही संपलेली नाही. मुंबई महानगराची तहान भागवणारे तानसा आणि भातसा हे जलाशय शहापूर तालुक्यातच आहेत. तानसाचे पाणी १८९२ पासून मुंबईस जात आहे. शेकडो फूट उंचीच्या टेकड्यांमधून ते पाणी नळांवाटे दूरच्या शहरात घरोघर पोहोचते. परंतु उन्हाळ्यात याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते आणि माउल्यांना हंडा डोक्यावर घेऊन डोंगरउतारावरून पायपीट करावी लागते. त्यांच्यासाठी विहीर किती दूर आहे, याचे उत्तरही किलोमीटरमध्ये देता येत नाही. दिवसाचे किती तास त्या वाटेवर जातात, हेच तेथील खरे अंतर आहे.

म्हणून दान करू इच्छिणाऱ्या भाविकांनी मंदिराच्या शिखराबरोबर मंदिराकडे येणाऱ्या वाटेचाही विचार करावा. पाणपोई, सावलीचे झाड, वृद्धांसाठी बसण्याचा ओटा, पाड्यावरच्या विहिरीची दुरुस्ती, रात्री अडकलेल्या यात्रेकरूसाठी एखादी खोली, ही कामे लहान दिसली तरी प्रत्येक काम कोणाची तरी वाट कमी करते. कल्याण आणि पैठण यांच्यातील कोस दोन हजार वर्षांत एकानेही घटलेले नाहीत. मात्र त्या वाटेवर चालणाऱ्याचे कष्ट प्रत्येक पिढीने आपापल्या परीने घटवले आहेत, आणि हेच पुण्यकर्म आजच्या पिढीकडेही आले आहे.

सर्व भाविकांची यात्रा सुखरूप व सुफळ संपूर्ण होवो, हीच ईश्वरचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥